अनुभव धागा : थीम पार्कातले ‘फक्त सभासदांसाठी’ लाउंज, पैसे वसूल होतात का?

केवडा (धागाकर्ती)

सुट्ट्या जवळ आल्या की ऑर्लँडो-अनाहाइमचे (अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांची गावं, पहिलं फ्लोरिडात, दुसरं कॅलिफोर्नियात) प्रश्न सुरू होतात आणि हल्ली त्यात एक हमखास असतो : ‘डिस्नेची मेंबरशिप घेतली तर पार्कात लाउंज मिळतो म्हणे. घ्यावी का?’ जाणकारांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन आणि फोटो दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त एवढंच हवंय : पैसे किती, आत काय मिळतं, कोणाला सोडतात, गफलत कुठे होते.

सुरुवातीलाच एक खुलासा. आपल्याला लाउंज म्हटलं की विमानतळ आठवतो. कार्ड घासलं, दोन रुपये कटले की इडली, उपमा, डाळभात, सगळं समोर. पार्कातला लाउंज तसला नाही. पोटभर खायला मिळेल या हिशेबाने कुणी जाऊ नका.

ओसरी

एपकॉटपासून (ऑर्लँडोतल्या डिस्नेच्या चार पार्कांपैकी एक) सुरू करते, कारण लोक विचारतात तो बहुतेक हाच असतो. डिस्ने व्हेकेशन क्लबचा (पुढे डीव्हीसी) लाउंज इमॅजिनेशन पॅव्हेलियनच्या वरच्या मजल्यावर आहे. २०१६ मध्ये सुरू झाला. आत काय आहे? कोका-कोलाचं टचस्क्रीनवालं मशीन, कॉफी, सोफे, वायफाय, फोन चार्ज करायला जागा आणि एसी. प्यायचं सगळं फुकट. जेवण नाही.

एवढ्याची किंमत काढायची तर पार्कात थंड पेय साधारण ५ डॉलरला पडतं. चौघांनी दोन-दोन ग्लास घेतले तर ४० डॉलर. पण मुलांना पाणीच हवं असेल तर डिस्नेच्या कुठल्याही काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की फुकट मिळतो. मग या ४० डॉलरमधले बरेचसे कागदावरच राहतात.

खरी किंमत बसायच्या जागेची आहे, आणि ती वेळेवर ठरते. जून ते सप्टेंबर ऑर्लँडोत दुपारनंतर गडगडाटी पाऊस जवळजवळ रोजचाच. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद करतात आणि सगळं पब्लिक एकदम छपराखाली धावतं. लाउंजही नेमका तेव्हाच भरतो, दाराशी रांग लागते. म्हणून पाऊस सुरू व्हायची वाट न बघता आधी तासभर जाऊन बसावं. सकाळी पोचल्या पोचल्या जाणं म्हणजे तर वेळ वाया. रांगा सगळ्यात कमी तेव्हाच असतात.

अंतराचंही बघा. वर्ल्ड शोकेस म्हणजे एपकॉटमधला वेगवेगळ्या देशांच्या पॅव्हेलियनांचा भाग. त्याच्या तळ्याभोवतीचा फेरा सुमारे १.९ किलोमीटरचा आहे. इमॅजिनेशन कॅनडाच्या बाजूला पडतं, मेक्सिको दुसऱ्या टोकाला. मेक्सिको, नॉर्वे, चीन करत असाल तर फक्त कोकसाठी मागे फिरू नका. फेरा कॅनडाकडे संपेल असा लावा, म्हणजे लाउंज वाटेवर येतो.

हिशेबनीस

आता मुद्द्याचं. हा लाउंज सुटा विकत मिळत नाही. तो डीव्हीसीच्या सभासदत्वाबरोबर येतो, आणि डीव्हीसी म्हणजे टाइमशेअर : आगाऊ पैसे भरून ठराविक मुदतीपर्यंत दरवर्षी रिसॉर्टच्या खोलीत राहायचा हक्क. तो पॉइंटांत मोजतात, दरवर्षीचे पॉइंट खर्चून खोली घ्यायची.

डिस्नेकडून थेट घेतलं तर नव्या रिसॉर्टचा भाव पॉइंटमागे २०० डॉलरच्या वर आहे. लाउंज, सवलती वगैरे सगळे ‘जादा लाभ’ हवे असतील तर नव्या सभासदाला किमान १५० पॉइंट थेट घ्यावे लागतात. म्हणजे ३०,००० डॉलर तर झालेच. शिवाय दरवर्षी देखभालीची वर्गणी. ती पॉइंटमागे ९ डॉलर धरली तर वर्षाला १,३५०. ही वर्गणी वाढत जाते आणि एखाद्या वर्षी गेला नाहीत तरी चुकत नाही.

सेकंडहँड, म्हणजे रीसेल, बरंच स्वस्त पडतं. सॅराटोगा स्प्रिंग्जसारख्या जुन्या रिसॉर्टचे पॉइंट साधारण निम्म्या भावात मिळतात. पण ४ एप्रिल २०१६ नंतर रीसेलने घेतलेल्यांना जादा लाभ मिळत नाहीत. खोली मिळते, लाउंज नाही. गफलत नेमकी इथेच होते. ब्रोकर सांगतो ‘तुम्ही मेंबरच’, आणि ते खोटंही नसतं. दारावरचा माणूस मात्र विचारतो, लाभ लागू असलेलं कार्ड आहे का?

दुसरी अट लोकांच्या लक्षात उशिरा येते. १९ जानेवारी २०१९ पासून रीसेलने घेतलेले जुन्या १४ रिसॉर्टांचे पॉइंट रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या रिसॉर्टांत चालत नाहीत. उलट रिव्हिएराचे रीसेलने घेतले तर ते फक्त रिव्हिएरातच चालतात. पुढे विकायचा विचार असेल तर हे आजच भावात धरा.

तिसरं, मुदत. हा कायमचा मालकी हक्क नाही. बोर्डवॉक, बीच क्लब या जुन्या मंडळींचे करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात. सॅराटोगाचा २०५४ ला, रिव्हिएराचा २०७० ला.

थेट आणि रीसेल यांच्या भावातला फरक १५० पॉइंटांवर १५,००० डॉलरच्या घरात जातो. लाउंजची खरी किंमत म्हणून हाच आकडा धरायचा, अख्खे ३०,००० नाहीत, कारण खोल्या तर रीसेलवाल्यालाही मिळतात. त्यात वार्षिक पासावरचे लाभही आले, तेही थेटवाल्यांनाच. दरवर्षी पास काढणारं कुटुंब फ्लोरिडात राहत असेल तर हा फरक हळूहळू भरून निघू शकतो. तीन वर्षांतून एकदा न्यू जर्सीहून किंवा पुण्याहून येणाऱ्याला पंधरा हजारांचा कोक प्यायचा असेल तर प्यावा बापडा.

टळटळीत

वरच्यात एक भर. पॉइंट भाड्याने घेऊन राहणाऱ्यांनाही लाउंज मिळत नाही. भाड्याने पॉइंट घेऊन डीव्हीसीच्या खोलीत स्वस्तात राहता येतं, सोय चांगलीच आहे. पण लाउंजसाठी सभासद स्वतः बरोबर लागतो, फोटो असलेल्या ओळखपत्रासह. मालकाने कार्डाचा स्क्रीनशॉट पाठवला तर त्याचा काही उपयोग नाही.

बेसनलाडू

@हिशेबनीस, बे लेक टॉवरवरचा (मॅजिक किंगडम पार्काजवळचं डीव्हीसीचं रिसॉर्ट) राहिला. सोळाव्या मजल्यावरचा ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’. मॅजिक किंगडमची आतषबाजी वरून दिसते, त्यासाठी लोक जातात. तिथे खाण्यापिण्याचे पैसे पडतात आणि आतषबाजीच्या आधी जागा मिळवायला लवकर पोचावं लागतं. तीच आतषबाजी पॉलिनेशियन रिसॉर्टच्या किनाऱ्यावरून फुकट दिसते, जरा लांबून इतकंच.

कंदी पेढा

क्लब ३३ बद्दल लिहितो, म्हणजे डिस्ने पार्कांतला फक्त सभासदांसाठीचा खासगी क्लब. डीव्हीसीशी त्याचा संबंध नाही. त्याचे फोटो पाहून उगाच अपेक्षा वाढतात.

मूळचा क्लब अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये, न्यू ऑर्लीन्स स्क्वेअरमध्ये, १९६७ पासून. पत्ता ३३, रॉयल स्ट्रीट. १९६४-६५ च्या न्यू यॉर्क जागतिक मेळ्यात कंपन्यांनी बड्या पाहुण्यांसाठी खास बैठकी ठेवल्या होत्या, त्यावरून वॉल्ट डिस्नेला ही कल्पना सुचली. क्लब उघडायच्या आत, डिसेंबर १९६६ मध्ये, तो गेला. २०१९ मध्ये स्टार वॉर्सचा भाग सुरू होईपर्यंत त्या पार्कात दारू मिळायची ती इथेच. एवढ्या एका गोष्टीवर त्याची निम्मी प्रसिद्धी उभी होती, आणि आता ती राहिलेली नाही.

३३ आकड्याच्या पाटीच्या जुन्या दारापाशी लोक फोटो काढतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर आत जायचा रस्ता तिथून नाही. शेजारचं ‘कोर्ट ऑफ एंजल्स’ हे छोटं अंगण आधी सगळ्यांसाठी उघडं होतं, तेच आता क्लबच्या वाटेत गेलं. माझ्या मते हा सौदा पार्काच्या बाजूने वाईट झाला. वळणदार जिन्याचं ते अंगण तिकीट काढलेल्या कुणालाही बसायला मिळायचं.

पैसे : डिस्ने आकडे छापत नाही. सभासदत्व रद्द झालेल्या एका जोडप्याने दावा लावला होता, २०२४ मध्ये ज्युरीने निकाल डिस्नेच्या बाजूने दिला. त्या प्रकरणाच्या बातम्यांत वार्षिक वर्गणी ३१,५०० डॉलर आली होती. प्रवेश शुल्क वेगळं, आणि जेवणाचं बिल त्याहून वेगळं. प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची. पार्काचे पास आणि पाहुण्यांसाठी तिकिटं वर्गणीत येतात, म्हणून काही जण ‘सुटतं’ म्हणतात.

त्यांच्यासाठी एक त्रैराशिक. डिस्नेची खासगी व्हीआयपी टूर तासाला ४५० डॉलरपासून असते, किमान ७ तास, एका गटात १० माणसं. गर्दीच्या दिवसाचा दर जास्त, म्हणून ५०० धरा : दिवसाला ३,५००. एका वर्षाच्या वर्गणीत असे नऊ दिवस येतात, दहा माणसांसकट. गाइड रांगेशिवाय राइडवर नेतो, जे क्लबमधला सोफा करत नाही. क्लायंटला जेवायला न्यायचं असेल, पैसे कंपनी भरणार असेल, तर क्लब समजू शकतो. घरच्यांसाठी? नाही.

फ्लोरिडात डिस्नेच्या चारही पार्कांत क्लबच्या शाखा आहेत. टोकियो आणि शांघायलाही आहे.

निशिकासाईकर

टोकियो डिस्नेलँडचं थोडक्यात. इथे क्लब ३३ वर्ल्ड बझारमध्ये आहे, पण भारतीयांकडून प्रश्न येतात ते राइड प्रायोजित करणाऱ्या कंपन्यांच्या लाउंजचे. बेमॅक्सच्या राइडजवळ जेसीबीचा (जपानी क्रेडिट कार्ड कंपनी) आहे. आत पेय देतात, थोडा वेळ बसवतात आणि तिथून थेट राइडवर सोडतात. म्हणून तो आधीच्या सगळ्यांपेक्षा कामाचा. मात्र तो जपानमध्ये निमंत्रणाने मिळणाऱ्या वरच्या दर्जाच्या कार्डाचा हक्क आहे. भारतातलं रुपे-जेसीबी कार्ड दाखवून कुणी आत सोडणार नाही.

प्रायोजकांच्या लाउंजचं आयुष्य कराराइतकंच. एपकॉटच्या मोठ्या गोलाखाली सीमेन्सचा होता. २०१७ मध्ये प्रायोजकत्व संपलं, तोही गेला. डीव्हीसीचा लाउंज आहे त्या पॅव्हेलियनचा प्रायोजक एके काळी कोडॅक होता. त्यामुळे ‘अमक्या कंपनीत नोकरी असेल तर आत सोडतात’ असलं जुनं काही वाचून जाऊ नका, आधी ताजी माहिती काढा.

केवडा

आई-बाबा भारतातून आले असतील तर? फोनवर हेच जास्त विचारतात. ‘त्यांना मधे टेकायला तरी होईल ना?’

ओसरी

त्यासाठी टाइमशेअर नको गं! एसी आणि खुर्ची दोन्ही तिकिटातच आहेत, जागा माहीत हव्यात.

मॅजिक किंगडममध्ये ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ : सुमारे २१ मिनिटं, खुर्चीत बसून, प्रेक्षागृहच गोल फिरतं, रांग सहसा नसते. एपकॉटमध्ये ‘अमेरिकन अॅडव्हेंचर’ : अर्ध्या तासाच्या आसपास, थंडगार मोठं सभागृह, गुडघेदुखीवाल्यांना उत्तम. संवाद कळले नाहीत तरी डुलकी लागते. दोन्हीकडे दुपारी १ ते ४ मध्ये न्या.

तान्हं बाळ असेल तर प्रत्येक डिस्ने पार्कात बेबी केअर सेंटर आहे. दूध पाजायला वेगळी खोली, कपडे बदलायची टेबलं, उंच खुर्च्या, मायक्रोवेव्ह. सगळं फुकट. बाळाची मऊ खिचडी तिथे गरम करता येते. बाहेरचं खाणं डिस्नेत आणू देतात. काचेची बाटली आणि सुटा बर्फ तेवढा नको. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी खुशाल न्या. सुरक्षा तपासणीत डबे वर काढून हातात ठेवा, म्हणजे पिशवी उपसावी लागत नाही.

खारी बिस्किट

युनिव्हर्सल ऑर्लँडोची बाजू. तिथे वार्षिक पासधारकांसाठी लाउंज ठेवतात. जागा आणि वेळा बदलतात, जाण्याआधी अॅपवर बघा. पासात फुकट येतो म्हणून ठीक, त्यासाठी पास काढण्यासारखा नाही.

पैसे घालायचेच तर रांगेवर घाला. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या युनिव्हर्सलच्या तीन हॉटेलांत राहणाऱ्या प्रत्येकाला एक्स्प्रेस अनलिमिटेड (राइडची लांब रांग टाळायचा पास) फुकट, आणि तो चेक-इन आणि चेक-आउट अशा दोन्ही दिवशी चालतो. एक रात्र, दोन दिवस. चेक-इनच्या दिवशी सकाळीच हॉटेलात जाऊन नोंदणी करा, खोली दुपारी मिळाली तरी पास आधीच हातात येतो. फक्त मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्याच पार्कात तो चालत नाही. बुकिंग करताना लोक हे वाचत नाहीत आणि मग काउंटरवर वाद.

टळटळीत

डिस्नेत त्याच्या जागी लाइटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे पैसे भरून राइडची छोटी रांग. २०२४ च्या जुलैत जीनी प्लस हा जुना पास जाऊन हा आला. दर तारखेवर आणि पार्कावर, सुरुवातीला फ्लोरिडात माणशी साधारण १५ ते ३९ डॉलर होता. डिस्नेच्या हॉटेलात राहत असाल तर ७ दिवस आधी, बाहेर असाल तर ३ दिवस आधी तीन राइड निवडता येतात, पूर्वेकडच्या वेळेने सकाळी ७ ला. भारतातून करत असाल तर उन्हाळ्यात ते संध्याकाळी साडेचार, थंडीत साडेपाच. ही वेळ चुकली तर पैसे भरूनही चांगल्या राइड हातच्या जातात.

बेसनलाडू

आणि डीव्हीसी विकायच्या सादरीकरणाला बसून, भारावून सही करून आले असतील, त्यांनी काय करायचं?

हिशेबनीस

फ्लोरिडात केलेला करार असेल तर १० दिवसांत रद्द करता येतो. सहीची तारीख किंवा शेवटचा कागद हातात पडल्याची तारीख, यातली नंतरची धरायची. सुट्टीचे दिवसही त्यातच मोजतात. फोनवर सांगून चालत नाही, लेखीच हवं. करारात रद्द करण्याचा पत्ता दिलेला असतो, त्याच पत्त्यावर करार क्रमांक, सगळ्या सह्या करणाऱ्यांची नावं आणि ‘करार रद्द करत आहोत’ एवढं एक वाक्य लिहून नोंदणीकृत टपालाने पाठवा. नवरा-बायको दोघांनी सही केली असेल तर पत्रावरही दोघांची सही घ्या. पावती जपा. विक्रेत्याचा ‘जरा बोलूया’ म्हणून फोन आला तरी आधी पत्र टाका, मग बोला.