मदत हवी आहे : चागोस बेटांवर परतण्याचा हक्क नेमका कोणाचा?

नमस्कार.

मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये क्रॉली येथे राहतो. गॅटविक विमानतळाजवळच्या या गावात हिंदी महासागरातील चागोस बेटांवरून उठवलेल्या लोकांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची मोठी वस्ती आहे. आमच्या शेजारच्या आजी त्यांपैकीच पेरोस बान्होस बेटावर जन्मल्या. लहानपणी त्यांना बोटीने मॉरिशसला आणून सोडले, आणि उतारवयात त्या आपल्या मुलीमागोमाग इथे आल्या. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी या लोकांच्या हक्कांवर लेख लिहीत आहे. व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे तारखा आणि रकमा जुळवता आल्या, परंतु कायद्यापाशी घोडे अडले आहे.

मला समजलेले असे. मॉरिशसला १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, त्याआधी १९६५ मध्येच ब्रिटनने चागोस द्वीपसमूह त्यापासून तोडून वेगळी वसाहत केली आणि मॉरिशसला ३० लाख पौंड दिले. त्यातील दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता, तोही माणसांविना. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या बागांत राबलेल्या लोकांना कागदोपत्री ‘कंत्राटी मजूर’ ठरवून १९७३ पर्यंत सर्व बेटे रिकामी केली गेली. १९७१ च्या एका स्थानिक अध्यादेशाने परवान्याशिवाय तेथे पाऊल ठेवणेही बेकायदा झाले.

अडचण यापुढे आहे. लंडनच्या न्यायालयाने २००० मध्ये तो अध्यादेश रद्द केला, तरीही हे लोक परत का गेले नाहीत? आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये चागोस तोडणेच बेकायदेशीर होते असे सांगितले, मग त्यातून आजींना व्यक्ती म्हणून काय मिळाले? आणि ‘राइट ऑफ अबोड’ या संज्ञेला मराठीत काय म्हणावे? ‘निवासाचा अधिकार’ लिहिले की ते भाडेकरूचे प्रकरण वाटते.

प्रतिसाद १

मी वकिली करतो, मात्र ब्रिटनमध्ये नाही, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

२००० चा निकाल चागोसवासीयांचे नेते ऑलिव्हिये बांकू यांच्या याचिकेवरचा. वसाहतीची शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन यांसाठी कायदे करण्याचा अधिकार म्हणजे तेथील प्रजेलाच हाकलण्याचा अधिकार नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने अपील केले नाही आणि दिएगो गार्सिया वगळता इतर बेटांवर परतण्याची कायदेशीर मुभा दिली. परंतु तेथे ना घर, ना धक्का, ना नियमित बोट. मुभा कागदावरच राहिली. जून २००४ मध्ये सरकारने संसदेला वळसा घालून राजाज्ञा काढली आणि ती मुभाही काढून घेतली. राजाज्ञा म्हणजे राणीच्या विशेषाधिकारात, प्रत्यक्षात मंत्र्यांच्या सल्ल्याने निघालेला हुकूम. खालच्या दोन न्यायालयांनी तीही बेकायदेशीर ठरवली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, मात्र तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. अशा राजाज्ञेची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, हे तत्त्व त्याच निकालाने पक्के केले. म्हणजे तत्त्व चागोसवासीयांनी जिंकले आणि बेटे गमावली. बहुमतातील न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांच्या मते ‘राइट ऑफ अबोड’ हा हक्क कायद्याने निर्माण केलेला असतो आणि कायदा तो काढूनही घेऊ शकतो. लॉर्ड बिंगहॅम यांनी अल्पमतात राहून विशेषाधिकारात प्रजेला हाकलण्याचा अधिकारच नाही, असे लिहिले. लेखात हा मतभेद अवश्य मांडावा.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयात २०१२ मध्ये दार बंद झाले ते १९८२ च्या तडजोडीमुळे. ब्रिटनने मॉरिशसमधील विस्थापितांसाठी ४० लाख पौंड दिले आणि त्या बदल्यात हक्क सोडल्याच्या इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या. अनेकांनी अंगठे उठवले होते. मॉरिशसऐवजी सेशेल्समध्ये उतरवलेल्यांना त्या रकमेतले काहीच मिळाले नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे २०१९ चे मत १३ विरुद्ध १ असे आले, पण ते सल्लादायी आहे, बंधनकारक नाही, आणि मुख्य म्हणजे स्वयंनिर्णयाचा हक्क त्यात एकसंध (चागोस धरून) मॉरिशसच्या जनतेचा मानला आहे. पुनर्वसन हा मानवी हक्कांचा विषय असून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याकडे पाहावे, एवढेच त्यात आहे. मे २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या ब्रिटन–मॉरिशस करारातही तीच चौकट दिसते : सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सिया ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात, चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी, आणि इतर बेटांवर लोक वसवण्याची मॉरिशसला ‘मोकळीक’. मोकळीक राज्याला आहे, आजींना नाही. वाटाघाटीत आम्हाला कोणी विचारले नाही, ही अनेक चागोसवासीयांची तक्रार याच जागी उभी राहते.

प्रतिसाद २

‘वास्तव्याचा हक्क’ असे लिहावे आणि पहिल्याच वापरात एका वाक्यात उलगडून सांगावे : कोणाची परवानगी न घेता येण्याचा, राहण्याचा आणि परत येण्याचा हक्क. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द मोहात पाडेल, पण तो टाळावा. प्रकल्पग्रस्ताचे गाव पाण्याखाली गेलेले असते. पेरोस बान्होस अजून जागच्या जागी आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘मोकळीक राज्याला आहे’ या वाक्याने माझ्या लेखाची मांडणीच बदलली. आता सुरुवात २०१९ पासून नव्हे, १९८२ च्या अंगठ्यांपासून करीन.

एक व्यावहारिक शंका राहिली. आजींचा एक सज्ञान नातू मॉरिशसमध्येच आहे. २०२२ च्या ब्रिटिश कायद्याने चागोसमध्ये जन्मलेल्यांच्या थेट वंशजांना नागरिकत्वासाठी विनाशुल्क नोंदणीची सोय झाली. २३ नोव्हेंबर २०२२ पासून पाच वर्षांची मुदत आहे असे मी वाचले. त्याने तो ब्रिटनमध्ये राहू शकेल, पेरोस बान्होसवर नाही, हे मी त्याला फोनवर समजावले. बराच वेळ तो काही बोलला नाही. आता अर्ज करायचे त्याने ठरवले आहे. आजींच्या जन्माची सरकारी नोंद सापडत नाही, केवळ चर्चमधील बाप्तिस्म्याचा जुना दाखला आहे. अशा अर्जात असा दाखला जोडून पाहिलेला येथे कोणी आहे का?