मदत हवी आहे: लांज्याची कातळाची जमीन की भोरकडची जिरायत?

शेतावरच कायमचं राहायला जायचंय, मी, बायको आणि सत्तरीची आई. शेतकरी दाखला आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. विकेंड होम नकोय, भाजीपाला, चार कोंबड्या, एखादी गाय एवढंच.

लांज्याकडची जागा स्वस्त आहे, कलमं लागती आहेत, पाऊस तर धो धो, पण खाली सगळा जांभा, पाणी टिकतच नाही, मे महिन्यात मुद्दाम जाऊन विहीर बघितली तर कळशी बुडेल एवढंच पाणी. वर माकडांचा उच्छाद. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची ही लांबलचक यादी, त्यातले निम्मे मुंबईत (कोकणात हे असायचंच म्हणा).

भोरकडची महाग आणि नुसती जिरायत, पण सातबारा एकाच नावावर, फेरफार बघितले, मोजणी झालेली आहे, शेजारच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी होतं आणि आईसाठी दवाखाना जवळ. मन इकडेच आहे. अडचण एकच, गाव नकाशात रस्ताच नाही! आत्ताचे मालक शेजाऱ्याच्या बांधावरून ट्रॅक्टर नेतात, शेजारी म्हणतो "जा की, कोण अडवतंय". आज म्हणतोय, उद्या त्याच्या पोरांनी तारेचं कुंपण घातलं तर?

वकिलांना विचारलं, ते म्हणे घेऊन टाका, नंतर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करा. कुणी केलाय का असा अर्ज, किती वेळ लागला? की खरेदीआधीच शेजाऱ्याकडून रस्त्याचा हक्क रजिस्टर करून घ्यावा, आणि घेतलाच तर उद्या त्याने जमीन विकली तरी तो टिकेल ना?