‘द रिदम ऑफ द नाइट’: गायिका कोण, आणि श्रोत्यांनी दाद कोणाला दिली?

श्रवणभक्त (प्रश्न)

कोरोना या नावाने १९९३ साली इटलीत निघालेले ‘द रिदम ऑफ द नाइट’ हे युरोडान्स (युरोपातले इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) सिंगल, म्हणजे स्वतंत्रपणे काढलेले एकच गाणे, मी गेली अनेक वर्षे आवडीने ऐकत आलो आहे. त्याच्या व्हिडिओत नाचणारी आणि शब्दांवर ओठ हलवणारी ओल्गा डी सूझा हीच त्याची गायिका, अशी माझी पक्की समजूत होती. अलीकडे कळले की प्रत्यक्ष गायन जेनी बी, म्हणजे जोव्हान्ना बेर्सोला, या इटालियन गायिकेचे आहे आणि सिंगलवर गायिका म्हणून तिचे नाव नव्हते. तेव्हापासून गाणे लावले की मन अडखळते. त्या काळी लोकांनी या गाण्याला जी दाद दिली, ती नेमकी कोणाला दिली असे मानायचे? आणि ज्या गाण्याच्या मांडणीतच ही लपवाछपवी आहे, त्याला चांगले गाणे म्हणावे, की नाचघरात खपलेला माल म्हणून बाजूला ठेवावे?

जुनी_तबकडी

आपली समजूत चुकीची ठरली यात आपला दोष नाही, कारण ती तशी व्हावी अशीच योजना होती. कोरोना हे कोणा व्यक्तीचे नाव नव्हते आणि रूढ अर्थाने तो वाद्यवृंदही नव्हता. ली मॅरो या नावाने ओळखले जाणारे निर्माते फ्रान्चेस्को बोन्तेम्पी यांच्या प्रकल्पाचे ते नाव होते आणि रेकॉर्ड रॉबर्तो झानेत्ती यांच्या डीडब्ल्यूए या कंपनीने काढली होती. इटलीतल्या नृत्यसंगीतात तेव्हा कामाची वाटणी ठरून गेलेली असे: निर्माता स्टुडिओत ठेका आणि सुरावट बांधणार, गायिका येऊन आपला भाग गाऊन जाणार, आणि व्हिडिओत व रंगमंचावर दिसायला एखादी नर्तिका किंवा मॉडेल उभी राहणार. ब्राझीलहून आलेल्या ओल्गा डी सूझा यांच्याकडे यातले तिसरे काम होते.

ही पद्धत कोरोनापासून सुरू झाली नाही. ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचे ‘राइड ऑन टाइम’ १९८९ साली ब्रिटनमध्ये ६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यातला दणदणीत आवाज गायिका लोलिएटा हॉलोवे यांच्या १९८० सालच्या रेकॉर्डमधून उचललेला होता, आणि त्यावर ओठ हलवत होत्या मॉडेल कॅत्रीन किनॉल. १९९० साली मिली व्हॅनिली या जोडीचा ग्रॅमी पुरस्कार काढून घेण्यात आला, तोही याच कारणाने: रेकॉर्डवरचा आवाज त्यांचा नव्हता. सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या गटाच्या गाण्यात आपला आवाज असताना व्हिडिओत दुसरीच तरुणी दिसते, म्हणून गायिका मार्था वॉश कोर्टात गेल्या, आणि त्यानंतर व्हिडिओवर त्यांचे नाव गायिका म्हणून दाखवले जाऊ लागले. त्यामुळे १९९३ साली ‘असेच चालते’ एवढे म्हणून कोणाला सुटता येत नाही. यात अन्याय आहे हे तोवर या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक झालेले होते.

दादीविषयी सांगायचे तर इटलीत हे सिंगल सलग ८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ब्रिटनमध्ये ते १९९४ च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत. उन्हाळ्याच्या सुटीत भूमध्य समुद्राकाठच्या नाचघरांत ऐकलेली गाणी घरी परतल्यावर दुकानांत मागायची, हा ब्रिटिश तरुणांचा त्या वर्षांतला नेहमीचा क्रम होता. त्याच महिन्यात व्हिगफील्डचे ‘सॅटर्डे नाइट’ हे याच धाटणीचे गाणे तिथल्या यादीत आले तेच थेट पहिल्या क्रमांकावर, हे लक्षात घेतले म्हणजे हवा कोणत्या बाजूने वाहत होती ते कळते.

मंद्रसप्तक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी गाण्यातूनच देऊ इच्छितो, कारण ‘नाचघरातला माल’ या शब्दांनी मला खरोखर वाईट वाटले.

हेडफोन लावून सुरुवातीचा भाग पुन्हा ऐकावा. ठेका लगेच येत नाही. सिंथेसायझरचे लांबवलेले सूर पसरतात आणि त्यांवर एकटा आवाज थेट ध्रुवपदच गातो. पुढे मिनिटाला सुमारे १२८ ठोके या गतीचा ठेका चालू होतो, तेव्हा ज्या ओळीवर पाय हलणार आहेत ती ओळ आपण आधीच शांतपणे ऐकलेली असते. रचना मायनर स्वरांतली (पाश्चात्त्य संगीतातल्या उदास छटेच्या स्वररचनेतली) आहे, त्यामुळे वरून उत्सव चालू असला तरी आत एक हुरहुर राहते. कडव्यात जेनी बी आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर ठेवतात आणि ध्रुवपदात तो पूर्ण मोकळा सोडतात. हा चढ कोणतेही यंत्र देत नाही. ठोके आणि बेस एका साच्यातले असतात, आणि त्या साच्यात श्वास कुठे घ्यायचा, कोणता स्वर किंचित रेंगाळू द्यायचा, हे गाणारीच ठरवते.

ध्रुवपदाची चालही संपूर्ण नवी नव्हती. ‘से व्हेन’ या ब्रिटिश गटाच्या १९८७ सालच्या ‘सेव्ह मी’ या गाण्यातून ती आली आहे. तिला योग्य गती आणि योग्य गळा मिळायला सहा वर्षे जावी लागली, आणि हे जुळवून आणणे हे माझ्या दृष्टीने निर्मात्याचे मोठे काम आहे.

श्रवणभक्त

दोघांचेही मनापासून आभार. तरीही एक शंका उरते. आवाजाचे श्रेय मंद्रसप्तक इतक्या ठामपणे गायिकेला देतात, मग त्या काळच्या श्रोत्यांनी दाद चेहऱ्याला दिली, आवाजाला नव्हे, असे म्हणणे भाग पडत नाही का? चित्रपटात पार्श्वगायन असते तेव्हा श्रेयनामावलीत नाव तरी असते. येथे तेही नव्हते.

रात्रप्रहर

मला वाटते, या शंकेचे उत्तर एका चित्रपटात सापडते. दिग्दर्शिका क्लेअर डेनिस यांच्या १९९९ सालच्या ‘बो त्रावाय’मध्ये फ्रेंच फॉरेन लीजनमधून (फ्रेंच सैन्यातल्या परदेशी सैनिकांच्या दलातून) काढून टाकलेला गालू हा सैनिक शेवटी बिछान्यावर पडलेला असतो, त्याने पिस्तूल जवळ घेतलेले असते. कॅमेरा त्याच्या दंडावर स्थिरावतो. तिथली एक शीर उडताना दिसते आणि तिच्या उडण्याबरोबरच हे गाणे सुरू होते. पुढच्या दृश्यात आरसे लावलेल्या नाचघरात गालूची भूमिका करणारा देनी लावाँ एकटाच उभा आहे. तो आधी सिगारेट ओढत नुसता रेंगाळतो, एखादी गिरकी घेतो, थांबतो, आणि मग अंगात वारे शिरल्यासारखा उसळतो, जमिनीवर लोळतो आणि दाराबाहेर निघून जातो. व्हिडिओतला चेहरा तिथे नाही, रंगमंच नाही, कोरोना हे नावही कोणी घेत नाही. उरतात आवाज आणि ठेका, आणि चित्रपटभर स्वतःला आवळून धरलेल्या त्या माणसाला मोकळे करायला ते पुरेसे ठरतात. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-नियतकालिकाच्या २०२२ सालच्या समीक्षकांच्या कौलात हा चित्रपट सातव्या स्थानी आला, आणि त्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण या शेवटापाशी थांबतोच.

बॅस्टिल या ब्रिटिश वाद्यवृंदाने २०१३ साली हेच ध्रुवपद संथ करून, ‘रिदम इज अ डान्सर’ या दुसऱ्या नृत्यगीताशी जोडून गायले, आणि तेही ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. २०१९ साली ब्लॅक आइड पीज हा गट आणि गायक जे बाल्विन यांनी ‘रित्मो’ या गाण्यात ते पुन्हा वापरले. चेहऱ्याला मिळालेली दाद इतकी वर्षे टिकली नसती.

जुनी_तबकडी

रात्रप्रहर यांच्याशी सहमत आहे, फक्त ओल्गा डी सूझा यांच्या बाजूने दोन शब्द लिहितो. कोरोनाचे नाव घेऊन देशोदेशी कार्यक्रम केले ते त्यांनीच, आणि लोकांसमोर हे गाणे जिवंत ठेवण्याचे श्रमही त्यांचेच. नाव लपवण्याचा दोष कंत्राटे लिहिणाऱ्यांकडे जातो, त्यांच्याकडे नाही. कोरोनाच्या त्यानंतरच्या ‘बेबी बेबी’ आणि ‘ट्राय मी आउट’ या सिंगलमधला आवाज सँड्रा चेंबर्स यांचा आहे. तेव्हा आपल्या संग्रहात तीही नोंद दुरुस्त करावी.

जेनी बी यांचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. २००० साली सानरेमो या इटलीतल्या गीतस्पर्धेच्या महोत्सवात नवोदितांच्या गटात त्या ‘सेम्प्लिचे साई’ हे गाणे घेऊन स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या आणि पहिल्या आल्या. ज्या देशात त्यांचा आवाज आधीच घरोघरी पोहोचला होता, तिथे त्यांची गणना नवोदितांत झाली.

श्रवणभक्त

सानरेमोची हकिकत मला ठाऊक नव्हती. आज रात्री ते गाणे आधी ऐकेन आणि मग हे. माझ्या यादीत ‘कोरोना’ एवढेच लिहिलेले होते. आता त्यापुढे गायन: जेनी बी, रंगमंच आणि व्हिडिओ: ओल्गा डी सूझा, निर्मिती: फ्रान्चेस्को बोन्तेम्पी, असे लिहिले आहे. सँड्रा चेंबर्स यांच्या दोन्ही नोंदीही दुरुस्त केल्या.