सिनांगाग: भाताचा गोळा होतो, लसूण कडू लागतो

प्रश्न: फिलिपिनो घरांत सकाळी करतात तसा लसणीचा भात, म्हणजे सिनांगाग, जमत नाही. शितं चिकटतात, लसूण करपतो. कुठे चुकतंय?

उत्तर (शिळंपाकं): तुमचा भात ताजा असणार, तिथेच चुकतंय. रात्रीचा उरलेला घ्या, पण ओट्यावर नाही, फ्रिजमध्ये ठेवलेला. गार होऊन वरून सुकला की दाणा सुटतो. गुठळ्या आधीच ओल्या हाताने मोकळ्या करा. कढईत उलथन्याने दाबल्या तर शितं मोडून लगदाच होतो. ४ वाट्या भाताला लसणीच्या ७-८ मोठ्या पाकळ्या, ३ टेबलस्पून तेल. लसूण गार तेलातच घालून मंद आचेवर ठेवा. फिकट सोनेरी होताच निम्मा बाहेर काढा, कारण काढल्यावरही तो रंगत राहतो. मग आच वाढवून भात, मीठ, ३-४ मिनिटं परता. काढलेला लसूण वरून.

उत्तर (खमंग): लसूण एकसारखा चिरा. ठेचला की बारीक कण आधी जळतात, कडूपणा तिथलाच. सोया सॉस नको, ओल परत येते.

प्रश्नकर्ता: सोबत लाँगानिसा (फिलिपिनो सॉसेज) आहे. थेट तळू?

शिळंपाकं: नाही, त्यात बहुधा साखर असते, बाहेरून जळेल. थोड्या पाण्यात शिजवा. पाणी आटलं की सुटलेल्या चरबीतच परता. तळलेलं अंडं आणि लसूण-मिरची घातलेला व्हिनेगर हवाच.