मदत हवी आहे: सामन्याच्या शनिवार-रविवारचं कन्फर्म बुकिंग हॉटेलवाले 'तुम्हीच रद्द करा' म्हणतात

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणी नीट सल्ला देऊ शकत नाही, आणि मला या आठवड्यातच काय ते ठरवायचं आहे.

बाबांना एकदा तरी मोठा सामना मैदानात बसून बघायचा आहे. इतकी वर्षं त्यांनी क्रिकेट आधी रेडिओवर ऐकलं, मग टीव्हीवर पाहिलं. आता वय ७१, गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. म्हणून वेळापत्रक जाहीर झालं त्याच संध्याकाळी मी मैदानापासून हळूहळू चालत जाता येईल अशा एका हॉटेलात शनिवार आणि रविवार रात्रीसाठी खोली घेतली. लिफ्ट आहे का, हेसुद्धा फोन करून विचारलं होतं. तेव्हा तिकिटं विक्रीला आलीही नव्हती. बुकिंग एका साइटवरून केलं. कन्फर्म झाल्याचा ईमेल आला, त्यात दर स्पष्ट लिहिलेला आहे, ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येईल अशी अट आहे, आणि पैसे हॉटेलात पोहोचल्यावर द्यायचे आहेत.

परवा हॉटेलातून फोन आला. 'तो दर सिस्टीममधल्या चुकीने दिसत होता. फरक भरा, नाहीतर ॲपवरून बुकिंग कॅन्सल करून टाका.' नवा दर जुन्याच्या जवळजवळ चौपट! मी म्हटलं, हे ईमेलवर लिहून पाठवा. त्याला ते तयार नाहीत, 'तुमच्याकडून कॅन्सल झालं की सगळं सोपं होईल' एवढंच पुन्हा पुन्हा. त्याच रात्री साइटवर बघितलं तर तीच खोली, त्याच दोन रात्रींसाठी, नव्या दराने विकायला ठेवलेली होती.

दर वाढतात याबद्दल माझं भांडण नाही. शहरातल्या खोल्या मोजक्याच, आणि एका रविवारी एवढी गर्दी येणार म्हटल्यावर दर चढणारच. २०२३ च्या विश्वचषकात अहमदाबादच्या भारत-पाकिस्तान सामन्याची तारीख कळताच हॉटेलांचे दर कुठल्या कुठे गेले होते, ते तर सगळ्यांनी वाचलं आहे. ज्याला वाढीव दर घ्यायचा त्याने नव्या गिऱ्हाइकाकडून घ्यावा. पण एका दराला 'हो' म्हणून झाल्यावर, माणसाने त्या भरवशावर पुढची सगळी आखणी केल्यावर शब्द फिरवायचा, हे मला मान्य नाही.

तर मी ते रद्द करू की धरून बसू? धरून बसले आणि दारात उभं राहिल्यावर 'खोली नाही' म्हणाले, तर बाबांना घेऊन रात्री कुठे जाऊ, ही खरी भीती आहे. शेवटच्या आठवड्यात दर उतरतात म्हणतात, त्यावर विसंबावं का? आणि सामन्याला राखीव दिवस आहे, तर सोमवारची रात्रही घ्यावी का? २०२३ ची आयपीएलची अंतिम लढत २८ मेला पावसाने झालीच नाही, २९ ला सुरू झाली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली. रेल्वे स्टेशनवर झोपलेल्या प्रेक्षकांचे फोटो मला अजून आठवतात. तरुणांचं निभावतं, बाबांचं नाही निभायचं.

प्रतिसाद १

काहीही झालं तरी ते बटण तुम्ही दाबू नका. मी बरीच वर्षं हॉटेलच्या रिझर्व्हेशन डेस्कवर काम केलं आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. तुम्ही रद्द केलंत की नोंदीत 'ग्राहकाने रद्द केले' असं लागतं आणि तुमचा हक्क तिथेच संपतो. तेच हॉटेलने रद्द केलं तर साइटकडे त्यांची नोंद खराब होते, आणि बऱ्याच साइट्स अशा वेळी तशाच दर्जाची दुसरी खोली शोधून द्यायला लावतात. कित्येकदा दरातला फरकही हॉटेलवर पडतो. म्हणून तर ते लेखी देत नाहीत आणि तुमच्याकडूनच करून घ्यायला बघतात.

'चुकीचा दर' हे कारण कधीकधी खरं असतं. टाइप करताना एखादं शून्य राहून जातं आणि खोली कवडीमोलात दिसते, तेव्हा हॉटेलची बाजू ऐकून घेतली जाते. पण तुमचा दर त्या हॉटेलच्या एरवीच्या शनिवार-रविवारच्या दरासारखा असेल, तर ती चूक नव्हे. वेळापत्रक आल्यावर त्यांनी दर उशिरा बदलला, एवढंच. एरवीच्या एखाद्या शनिवारचा दर आजच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, आणि त्याच रात्रींसाठी खोली नव्या दराने विकायला आहे त्याचाही.

यापुढे फोनवर बोलणं बंद करा. साइटच्या मेसेजमधूनच लिहा: 'अमुक तारखेला तुमचा फोन आला, तुम्ही असं म्हणालात, माझं बुकिंग कायम आहे, मी ते रद्द करत नाही.' त्यानंतर साइटच्या मदत कक्षाला सगळं कळवा.

अजून एक गोष्ट, जी लोकांना ठाऊक नसते. बुकिंगला जोडलेलं कार्ड चालू हवं. मुदत संपली असेल किंवा बॅंकेने व्यवहार नाकारला, तर हॉटेलला बुकिंग रद्द करायला रीतसर वाट मिळते, आणि अशा गर्दीच्या दिवसांत ती लगेच वापरली जाते. पोहोचायची वेळही मेसेजमध्ये लिहून ठेवा. रात्री उशिरापर्यंत आला नाहीत तर 'नो शो' दाखवून खोली दुसऱ्याला देतात. शनिवारी दुपारीच पोहोचा.

प्रतिसाद २

दर उतरण्याबद्दल. उतरतात, पण सगळीकडे नाही. लास वेगासला २०२३ मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तेव्हा आधी अवाच्या सवा ठेवलेले दर शर्यत जवळ येईपर्यंत बरेच खाली आले. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकच्या वेळी तेच झालं. पण लास वेगासमध्ये खोल्याच दीड लाखाच्या आसपास आहेत आणि ऑलिंपिक दोन आठवड्यांहून जास्त चालतं. हॉटेलवाल्यांचा अंदाज चुकला तर खोल्या ओस पडतात, आणि रिकामी गेलेली रात्र पुन्हा विकता येत नाही. तुमचं तसं नाही. एकच सामना, एकच रविवार, आणि तुम्हाला मैदानाजवळचीच खोली हवी. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

त्यातूनही एक संधी असते. संघ, प्रक्षेपण करणारी मंडळी, प्रायोजक, टूर कंपन्या यांनी खोल्यांचे गठ्ठे आधीच अडवलेले असतात. करारात एक तारीख असते, बरेचदा महिनाभर आधीची. तोवर जेवढ्या खोल्या लागत नाहीत तेवढ्या परत हॉटेलकडे येतात. त्या सुमारास रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहा. 'किमान तीन रात्री' अशा अटीही त्याच वेळी सैल होतात.

आणि पैसे परत न मिळणारा स्वस्त दर दिसला तरी घेऊ नका, मग फरक कितीही असो. २०२३ चा तो अहमदाबादचा सामना १५ ऑक्टोबरवरून १४ वर आला. २०२५ ची आयपीएलची अंतिम लढत २५ मेला कोलकात्यात व्हायची होती, ती ३ जूनला अहमदाबादला झाली. कोलकात्यात खोली घेऊन ठेवलेल्यांना त्या खोलीचा काय उपयोग?

प्रतिसाद ३

सोमवारची रात्र आत्ताच घ्या, फुकट रद्द करता येईल अशी. सामन्यानंतर माणसं निघून जातात, त्यामुळे सोमवारचा दर आज साधाच दिसेल. रविवारी संध्याकाळी पाऊस सुरू झाला की मात्र तो बघता बघता चढतो. रद्द करायची मुदत किती तासांची आहे तेवढं नीट वाचा. सामन्याच्या आदल्या दिवशीच ती संपत असेल तर एका रात्रीचे पैसे गेले असं धरून चला. आजोबांसाठी तेवढं करावं.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच साइटवरून हॉटेलला मेसेज केला, आणि मदत कक्षाला स्क्रीनशॉट पाठवले. कार्ड तपासलं, त्याची मुदत खरंच सामन्याच्या आधी संपत होती! नवं कार्ड जोडलं. हे मला एरवी कधीच लक्षात आलं नसतं.

आज दुपारी मदत कक्षाचं उत्तर आलं: बुकिंग मूळ दराने कायम आहे, हॉटेलशी बोलणं झालं आहे. हॉटेलने स्वतः अजून काही लिहिलेलं नाही, म्हणून पूर्ण निर्धास्त नाही. थोडी लांबची, लिफ्ट असलेली दुसरी एक खोली रद्द करता येईल अशा अटीवर धरून ठेवली आहे. गरज नाही असं कळताच ती सोडीन, कुणा दुसऱ्याला लागत असेल. सोमवारची रात्रही घेतली, तिची मुदत रविवारी दुपारपर्यंत आहे.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते सध्या कुठल्या स्टँडमधून दुपारचं ऊन डोळ्यांवर येणार नाही याचा नकाशा काढत बसलेत. तिकिटं पुढच्या आठवड्यात सुटतात.