कॉलेजात राजकारणावर व्याख्यानं सुरू करायचीयेत, सल्ला द्या

गंगापूररोडकर: आम्ही काही पोरं मिळून महिन्याला एक व्याख्यान ठेवायचं म्हणतोय, देशात-जगात काय चाललंय यावर. सर म्हणतात राजकारण नको, वाद होतील. पहिला विषय कुठला घेऊ?

पंचवटीकर: कांदा घे ना! डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यात बंद केली, इकडे लासलगावला लिलाव थांबले, तिकडे बांगलादेशात भाव चढले, मे २०२४ ला बंदी उठली तरी ४० टक्के ड्युटी आणि टनाला किमान ५५० डॉलरची अट होतीच. निफाड-चांदवडची पोरं वर्गात असतीलच, त्यांना आधी बोलू दे, परराष्ट्र धोरण त्यांनी घरात भोगलंय.

सिडकोवाला: सरांना सांग, आपल्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला १९२२ पासून चालूये, पुण्याची तर १८७५ ची, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. वाद झाले तर होऊ देत, त्यासाठीच तर बोलवायचं. फक्त वक्त्याला पाऊण तास आणि प्रश्नांनाही तेवढाच वेळ ठेव, प्रश्न चिठ्ठीवर घे म्हणजे गप्प बसणारेही विचारतात. आणि दुसऱ्या बाजूचा वक्ता लगेच पुढच्या महिन्यात बोलव, नाहीतर एका पक्षाचा शिक्का बसतो.

गंगापूररोडकर: कांदा फायनल! चिठ्ठ्यांचंही करतो. सरांशी उद्याच बोलतो.