मदत हवी आहे: भरपूर ऊन असूनही गॅलार्डियाची रोपे बुंध्याशी कुजतात

पुण्यातील आमच्या अंगणात दिवसभर ऊन मिळणाऱ्या वाफ्यात जूनमध्ये गॅलार्डियाची रोपे लावली. परंतु जमीन काळी व चिकण असल्याने पावसाची झड लागली, की वरची पाने हिरवी असतानाच बुंध्याची साल तपकिरी, मऊ होते आणि रोप अलगद हातात येते. मातीत वाळू मिसळली, पाणी तोडले, शेणखतही थांबवले (तसेही या झाडाला खताचे फारसे कौतुक नाही), तरी फरक पडलेला नाही. सगळी माती बदलणे शक्य नाही आणि हारांसाठी फुले बरीच लागत असल्याने कुंड्या पुरणार नाहीत. अशा जमिनीत मुरूम घालून गादीवाफा करायचा झाल्यास तो किती उंच असावा, की पावसाळा टाळून ऑक्टोबरमध्येच नवी रोपे लावावीत?